एका माणसाला एकच रेकॉर्ड

प्रिय पोरी,

पत्र मिळालं, सोबतची यादीही नीट वाचली. फ्री जॅझचे पन्नासेक अल्बम, प्रत्येकापुढे वर्ष, लेबल, कोण काय वाजवतंय ते सगळं. कष्ट घेतलेत, दिसतंय. ही यादी तू तुझ्या ऐकणाऱ्या कंपूला पाठवलीस. एकाने अंगठा टाकला, एकीने ‘सवडीने ऐकते’ असं कळवलं आणि बाकीच्यांनी हूं की चूं केलं नाही. मग तुझ्या मनात आलं, की त्यांचं जाऊ दे, मला तरी हे खरंच आवडतं का? की आवडलं पाहिजे म्हणून आवडून घेतेय?

हा शेवटचा प्रश्न मोलाचा आहे, त्याकडे येतोच. आधी यादीचा निकाल लावू.

यादी फाड. एका माणसाला एकच रेकॉर्ड दे. मी वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय, लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा याद्याच करतात. म्हणून तुला जरा खडसावूनच सांगतोय.

यादी मिळालेल्या माणसाला आधी प्रश्न पडतो, सुरुवात कुठून करू? तो प्रश्न सोडवायचं काम तुझं होतं, ते तू त्याच्या गळ्यात मारलंस. शिवाय एकमेकांशी फारसा संबंध नसलेली माणसं तू एका ओळीत बसवलीस. ‘फ्री जॅझ’, म्हणजे ठरलेली चौकट सोडून वाजवलेला जॅझ, असा एकच शिक्का, पण त्याखाली काय काय आलंय बघ. सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनच्या चाली गुणगुणता येतात. अल्बर्ट आयलर लष्करी बँडमध्ये वाजवलेला माणूस, तो कवायतीसारखी साधी धून घेतो आणि टेनर सॅक्सोफोनच्या थरथरत्या आवाजात तिच्या चिंध्या करतो. सेसिल टेलर पियानोकडून ड्रम्सचं काम करून घेतो. शिकागोच्या मंडळींकडे कित्येकदा शांतताच जास्त, मधूनच एखादी घंटा, एखादी शिट्टी. आणि पीटर ब्रोट्झमानचा ‘मशीन गन’! 1968 सालचा अल्बम, तीन सॅक्सोफोन, दोन बेस, दोन ड्रमर, एक पियानो, आणि सुरुवातीपासूनच सगळे तुटून पडलेले. तुझ्या मित्राने डोळे मिटून यादीवर बोट ठेवलं आणि ते नेमकं तिथे पडलं, तर तो बिचारा पुन्हा तुझ्या वाटेला कशाला जाईल?

आता एक रेकॉर्ड म्हणजे कुठली? तुझ्या लेखी सर्वांत थोर असलेली, असं मी म्हणत नाही. समोरच्याचे कान आधी कशाकडे जातात ते बघायचं आणि त्यावरून ठरवायचं. गाण्यात पहिल्यांदा दुःख शोधणारी म्हणून जिच्याबद्दल लिहिलंयस, त्या मैत्रिणीला ऑर्नेटचं ‘लोनली वुमन’ ऐकव. 1959 सालच्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’मधलं पहिलंच. पाच मिनिटांत संपतं. सुरुवातीला फक्त बेस आणि ड्रम्स. बिली हिगिन्सचं सिंबल, म्हणजे ड्रम्सवरची झांज, घाईघाईने पळत असतं, कुणी मागे लागल्यासारखं. चार्ली हेडन खाली दोन-दोन तारा एकदम छेडतो, त्यामुळे बेस घुमत राहतो. आणि वर ऑर्नेटचा ऑल्टो सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा कॉर्नेट, ट्रंपेटचा धाकटा भाऊ, मिळून चाल धरतात ती इतकी संथ, की खालच्या धावपळीशी यांचं काही देणंघेणं आहे की नाही असं वाटावं. दोघं जवळजवळ एकत्र असतात. जवळजवळच. कुठे एक जण केसभर आधी पोचतो, कुठे दुसरा सूर जरा वाकवून ठेवतो. मागे स्वरांची चौकट आखून द्यायला पियानो नाहीच. ऑर्नेट तेव्हा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवायचा आणि त्या वाद्याचा तो किंचित कोरडा, उघडा आवाज या चालीला असा लागू पडलाय, की महागडं वाद्य इथे बिघाडच करतं.

यातलं एक अक्षरही तिला सांगायचं नाही. पाच मिनिटं द्यायची आणि तोंड मिटून बसायचं. तुला ते जमणार नाही, तुझ्या पत्राच्या लांबीवरूनच कळतंय. तरी जमव.

आकडेमोडीत रमणारा जो मित्र आहे त्याला एरिक डॉल्फीचा ‘आउट टू लंच’ दे, फेब्रुवारी 1964 मधलं ध्वनिमुद्रण. पहिली रचना पियानोवादक थेलोनियस मंकवरची आहे. तिच्यात बेस एकच लंगडती चाल पुन्हा पुन्हा चालतो आणि बॉबी हचरसनचा व्हायब्राफोन, धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य, भलत्याच जागी टोले देतो. ड्रम्सवर टोनी विल्यम्स, वय वर्षं 18. मुखपृष्ठावर दुकानाच्या दारात लावतात तशी ‘परत येतो’ची पाटी आहे, तिच्यावरच्या घड्याळाला भरपूर काटे आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. तुझा मित्र मात्रा मोजायला बसेल. बसू दे. पण त्यालाही हा एकच. ‘याच्याबरोबर हेही ऐक’ असं म्हणालीस की संपलं, पुन्हा यादी झाली.

आता दाद. ती मिळेलच असं धरून चालू नकोस. ऑर्नेटने 21 डिसेंबर 1960 रोजी ‘फ्री जॅझ’ याच नावाचा अल्बम मुद्रित केला. दोन चौकड्या, एक डाव्या कानात, एक उजव्या कानात, सदतीसेक मिनिटं सलग. ‘डाउनबीट’ या जॅझच्या मासिकाने त्याची एकाच अंकात दोन परीक्षणं छापली. एकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने शून्य. ज्यांचा धंदाच ऐकण्याचा, त्यांची ही गत. तेव्हा तुझ्या कंपूत एखादा ‘हा काय गोंगाट आहे’ म्हणाला, तर मनाला लावून घेऊ नकोस. निदान त्याने ऐकलं तरी. अंगठा टाकणाऱ्याने ऐकलेलं नाही, मी लिहून देतो.

हे संगीत वाढलंच मुळी असं हातोहात. 1964 च्या ऑक्टोबरात ट्रंपेटवाल्या बिल डिक्सनने न्यूयॉर्कच्या एका छोट्या कॅफेत चार दिवस मैफली लावल्या, कारण मोठ्या क्लबांना यातल्या बहुतेकांशी कर्तव्य नव्हतं. पुढच्याच वर्षी शिकागोत मुहाल रिचर्ड एब्रम्स आणि सोबत्यांनी ‘एएसीएम’ ही वादकांची स्वतःची संस्था काढली. बँडप्रमुख सन रा स्वतःच्या ‘सॅटर्न’ लेबलवर रेकॉर्डी काढायचा, कित्येकांची वेष्टनं बँडमधल्या लोकांनी हाताने रंगवलेली, आणि कार्यक्रमाच्या जागी त्या विकायच्या. ‘मशीन गन’ची पहिली आवृत्ती ब्रोट्झमानने स्वतःच काढली, 300 प्रतींची. तीनशे! आज तो अल्बम जगभर माहीत आहे, तो काय याद्यांमुळे? कुणीतरी कुणाला तरी तो हातात दिला, ‘बस आणि ऐक’ म्हणाला, म्हणून. एका माणसाला एकच रेकॉर्ड. ही माझी सनक नाही, या संगीताची चालच ती आहे.

शोधाशोध कशी करू, असंही विचारलंयस. अगं, तीही याच पद्धतीने. एक रेकॉर्ड घे, तिच्यातला एक माणूस पकड आणि त्याच्या मागे जा. समजा डॉल्फी. ‘फ्री जॅझ’च्या उजव्या बाजूला बेस क्लॅरिनेटवर तोच आहे. त्याच दिवशी, म्हणजे त्याच 21 डिसेंबरला, त्याने स्वतःचा ‘फार क्राय’ही मुद्रित केला. दोन्ही लागोपाठच्या दिवशी ऐक आणि बघ, एकाच दिवसात माणूस किती बदलतो आणि किती तसाच राहतो. पुढे 1961 मध्ये तो सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनबरोबर न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये आहे. मग ‘आउट टू लंच’, आणि त्यानंतर चारच महिन्यांत, 29 जून 1964 ला, बर्लिनमध्ये मधुमेहाने गेला. 36 वर्षांचा होता. हा माग काढायला तुला काही महिने लागतील आणि त्या वाटेवर तुला बेसवाला मिंगस भेटेल, ट्रंपेटवाला हबर्ड भेटेल, रिचर्ड डेव्हिसचा बेस भेटेल. पन्नास अल्बमांच्या यादीत यांच्यापैकी कुणीच भेटत नाही, नुसती नावं दिसतात.

आता तुझा खरा प्रश्न. आवडतं की आवडून घेतेय?

तुझ्या यादीतल्या कुठल्या रेकॉर्डबद्दल तू दहा वाक्यं बोलू शकतेस, पुस्तकातली किंवा कुणाच्या परीक्षणातली नव्हे, स्वतःच्या कानांनी पकडलेली? मला वाटतं, पाच-सहांबद्दल. बाकीच्या तू ऐकल्यास की नुसत्या उरकल्यास? आयलरचा ‘स्पिरिच्युअल युनिटी’ जेमतेम अर्ध्या तासाचा आहे आणि तू पुढे लिहिलंयस, ‘अत्यंत महत्त्वाचा’. महत्त्वाचा कशामुळे? त्यात सनी मरे ड्रम्सवर ठेका धरतच नाही, सिंबल्सची नुसती सळसळ चालू ठेवतो, आणि गॅरी पीकॉकचा बेस त्या सळसळीतून वाट काढत आयलरशी बोलतो. हे तुला ऐकू आलं होतं का? आलं असेल तर ते लिही. आलं नसेल तर ‘महत्त्वाचा’ हा शब्द खोड. पहिल्या ऐकण्यात न आवडणं हा गुन्हा नाही. मला कोल्ट्रेनचा ‘इंटरस्टेलर स्पेस’, तो नुसता सॅक्सोफोन आणि ड्रम्सचा, पहिल्यांदा भयंकर कंटाळवाणा वाटला होता. पण सुरुवातीला कोल्ट्रेन घंटा वाजवतो तेवढ्याच भागासाठी मी तो पुन्हा लावला, मग पुन्हा, आणि असं करता करता आत शिरलो. एखादी गोष्ट आवडते की नाही हे मनाला विचारून कळत नाही. कुणी बघत नसताना, कुणाला सांगायचं नसताना, तुझा हात कुठल्या रेकॉर्डकडे जातो ते बघ. तीच दुसऱ्याला दे. म्हणजे तुझ्या दोन्ही प्रश्नांना औषध एकच आहे आणि ते मी वर दोनदा लिहून दिलंय.

अजून एक, घाईत सांगतो. कुणाला पटवायला ‘हे आपल्या रागसंगीतासारखंच आहे’ असं म्हणू नकोस. कोल्ट्रेनला रविशंकरांबद्दल आदर होता, मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं, हे सगळं खरं. पण आयलर ऐकणाऱ्याला आयलर ऐकू दे, त्याला भलत्याच पुलावरून कशाला आणतेस?

तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय की माझ्या हट्टापायी आमचं ऐकण्याचं मंडळ मोडलं. बरोबर सांगितलं. आम्ही जमायचो, आणि एका संध्याकाळी एकच रेकॉर्ड लागायची, दोन्ही बाजू, मध्ये बोलणं नाही. काही जणांना नमुने हवे होते, याची दोन मिनिटं, त्याची तीन मिनिटं, वर मोठ्याने चर्चा. मी नाही म्हणालो. हळूहळू माणसं गळाली. त्यातला एक फार जवळचा होता, त्याचं येणं थांबलं त्याची खंत आजही आहे, खोटं कशाला बोलू? पण नियम ढिला करायला हवा होता, असं मात्र मला अजूनही वाटत नाही. जे दोघं-तिघं टिकले त्यांच्याशी आजही एखाद्या सोलोवरून तासभर भांडता येतं, कारण तो सोलो आम्ही सगळ्यांनी पुरता ऐकलेला आहे. वीस जणांच्या गर्दीत मला हे मिळालं असतं का? तूच सांग. नाही, नको सांगूस, मला माहीत आहे तू काय म्हणशील.

मोठी खंत आहे ती वेगळीच. प्रत्यक्ष ऐकायचं मी पुढे ढकलत राहिलो. ऑर्नेट 2015 मध्ये गेला, सेसिल टेलर 2018 मध्ये, ब्रोट्झमान 2023 मध्ये. तिघांपैकी एकालाही समोर बसून ऐकलं नाही. तेव्हा जिवंत माणसं ऐक. सॅक्सोफोनवाला हेन्री थ्रेडगिल आहे, त्याला 2016 मध्ये संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मेरी हॅल्व्हरसन गिटारचे सूर असे घसरवते की पायाखालचं काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. तिकीट काढून जा. आणि जाताना बरोबर एकालाच ने. सगळा कंपू नेलास तर येताना गप्पा जेवणाच्या होतात.

शेवटी कोल्ट्रेनच्या ‘असेन्शन’च्या दोन आवृत्त्यांबद्दल विचारलंयस, कुठली खरी? दोन्ही एकाच दिवशीच्या, 28 जून 1965 च्या. आधी एक बाजारात आली, मग कोल्ट्रेनला दुसरी जास्त पटली म्हणून तेच वेष्टन ठेवून आतली तबकडी बदलली. आता दोन्ही एकत्र मिळतात आणि लोक त्या लागोपाठ ऐकून तुलना मांडत बसतात. तू तसं करू नकोस. अकरा वादक आणि चाळीसेक मिनिटं, एका दिवसाला एक पुरे होते. दुसरी आवृत्ती आधी लाव. पहिलीला पुढच्या आठवड्यात हात घाल, आणि तिच्यात शेवटाकडे एल्विन जोन्सचा ड्रम्सचा सोलो आहे, तिथे मला पत्र लिहायला उठू नकोस, पुरतं ऐक आणि मग लिही.

तुझा,
काका