राखणीचा मोठा कुत्रा : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात ग्रेट डेनविषयी दोन ओळी छापल्या आणि विदर्भाच्या सगळ्या बाजूंनी पत्रे आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावे न छापता फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न : संत्र्याचा बगीचा गावापासून दीड किलोमीटरवर आहे. आंबिया बहाराच्या वेळी चोरी होते. ग्रेट डेन घ्यावा की कॉकेशियन शेफर्ड? रात्री बगीच्यात साखळीला बांधून ठेवायचा विचार आहे. (वरुड)

कॉकेशियन, तिबेटी मास्टिफ, सेंट बर्नार्ड ही नावे यादीतून आधी काढा. ही दुहेरी लोकरीची, बर्फाळ डोंगराळ मुलखातली कुत्री आहेत. ४५ अंशांच्या मे महिन्यात त्यांना आपल्याकडे ठेवणे म्हणजे रोज छळणे. एसीच्या खोलीत राहणारा कुत्रा बगीचा राखू शकत नाही.

ग्रेट डेनचे केस आखूड असतात, म्हणून तो त्यातल्या त्यात चालतो. जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीसाठी ही जात वाढवली गेली, पण आजचा डेन माणसांत राहणारा आहे. पूर्ण वाढलेला नर ६० ते ८० किलोचा आणि खांद्यापाशी अडीच फुटांहून उंच होतो. आयुष्य मात्र जेमतेम ७ ते १० वर्षांचे. तो घरच्या माणसांची राखण करतो. दीड किलोमीटरवरच्या रिकाम्या बगीच्याची नाही.

साखळीचे तर सोडूनच द्या. सतत बांधलेला कुत्रा भित्रा तरी होतो नाही तर पिसाळल्यासारखा वागतो, आणि चोर साखळीच्या टप्प्याबाहेरून निघून जातो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार आखूड वा जड साखळीने बांधणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणे हे गुन्हे आहेत.

आमचे मत स्पष्ट आहे : बगीच्यात जागल्या राहत असेल तर त्याच्याजवळ दोन गावठी कुत्री ठेवा. लस टोचलेली, नसबंदी केलेली, पोटभर खाणारी. त्यांचे कान तिखट असतात, ऊन सोसते आणि खर्च कमी लागतो. घर वावरातच असेल आणि कुत्रा घरच्यांत राहणार असेल, तरच डेनचा विचार करा.

प्रश्न : साडेतीन महिन्यांचे डेनचे पिल्लू आहे. दूध-भाकर, रोज दोन चमचे कॅल्शियमचे टॉनिक आणि वर पावडर देतो. पुढचे पाय मनगटात वाकले, पंजे पसरले. कॅल्शियम वाढवू का? (दर्यापूर)

वाढवू नका. आजपासून बंद करा.

वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला जरुरीपुरतेच कॅल्शियम आतड्यातून घेता येते. कोवळ्या पिल्लाला हा आवर घालता येत नाही. जेवढे घालाल त्यातले बरेचसे अंगात जाते, कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची चाल बिघडते, सांधे दुखतात आणि पाय वाकतात. दुसऱ्या बाजूने दूध-भाकरीत प्रथिने कमी पडतात. म्हणजे हाडांवर मारा आणि स्नायूंना उपास, असे दोन्ही एकदम चालले आहे.

मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असलेले तयार खाद्य घ्या. पिशवीवर ‘लार्ज’ किंवा ‘जायंट ब्रीड पपी’ लिहिलेले हवे आणि कॅल्शियम दीड टक्क्याच्या आत हवे. त्यावर टॉनिक नको, जीवनसत्त्व डी-३ चे इंजेक्शनही नको. घरचेच घालायचे असेल तर नुसते मांस-भातही चालत नाही. त्यात कॅल्शियम फारच कमी असते, तेव्हा पशुवैद्यकांकडून वजनाप्रमाणे मोजून घ्या. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे जन्मभर दोन वेळा खाऊ घाला.

पिल्लू गुटगुटीत नको. बरगड्यांवरून हात फिरवला की प्रत्येक बरगडी बोटाला लागली पाहिजे. चारचौघांत हाडकुळे दिसले तरी चालेल, हळू वाढलेल्या डेनचे सांधे टिकतात. गुळगुळीत फरशीवर पाय आणखी फाकतात, म्हणून तरट किंवा रबरी चटई अंथरा. दीड वर्षाचा होईपर्यंत जिने, उड्या आणि मोटारसायकलमागे पळवणे नको. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा सांधा गरम-सुजलेला लागला, तर एक्स-रे काढा.

प्रश्न : उन्हाळ्यात डेन कसा जगवावा? मागच्या मे महिन्यात दुपारी धापा टाकत पडून राहायचा. टिनाचा शेड आहे, कूलर आहे. (ब्रह्मपुरी)

ब्रह्मपुरीच्या उन्हाबद्दल तुम्हाला आम्ही काय सांगावे! कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. बाहेरची हवा त्याहून तापली की उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे धापेशिवाय काही उरत नाही, आणि एवढ्या मोठ्या देहात उष्णता साठतेही जास्त.

पहिला शत्रू टीन. त्याच्यावर तणस किंवा पऱ्हाटीचा वीतभर जाड थर द्या, किंवा फूटभर अंतर सोडून वर हिरवी शेडनेट ताणा. थर टिनाला चिकटून असला तरी चालतो, पण नेट चिकटून असेल तर उपयोग नाही, मधून वारा खेळला पाहिजे. शेडची पश्चिमेची बाजू बंद आणि उत्तरेची उघडी ठेवा.

वाळ्याच्या ताट्यांचा कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम काम देतो. मृगाच्या सरी आल्या की हवेत दमट वाफ भरते आणि तोच कूलर त्रास वाढवतो. तेव्हा त्याचे पाणी बंद करा, नुसता पंखा चालवा. लाइट जाणार हे धरूनच चाला : दुपारी शेडची जमीन पाण्याने भिजवून ठेवा, त्यावर ओले तरट अंथरा आणि कुत्र्याला त्यावर लोळू द्या.

६० किलोच्या कुत्र्याला एरवी तीन-साडेतीन लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात सहा लिटरच्या वर. दोन रांजण अर्धे जमिनीत पुरा आणि सावलीत ठेवा. एक लवंडला तर दुसरा राहतो. फिरवायचे ते सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. त्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवले नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

उष्माघात असा ओळखा : जीभ गडद लाल, लाळ चिकट तारेसारखी, चाल डगमगती, ओकारी, कधी रक्ताची हगवण. घरात साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा. गुदद्वारात १०४ दाखवला की धोका, १०६ म्हणजे प्राणाशी गाठ. सावलीत घ्या आणि पोट, जांघा, काखा, मान यांवर विहिरीचे किंवा नळाचे पाणी ओतत राहा. समोर पंखा हवाच. बोअरच्या पाइपात दुपारी पहिले पाणी कढत येते, ते आधी वाहून जाऊ द्या. बर्फ लावू नका आणि ओले पोते अंगावर टाकू नका, पोत्याखाली वाफ कोंडते. ताप १०३ वर आला की पाणी थांबवा, नाही तर उलट फार थंड पडतो. पाणी पाजा ते घोटघोट. आणि तो उठून शेपटी हलवू लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडाचे आणि रक्त गोठण्याचे बिघाड एक ते तीन दिवसांनी दिसतात.

प्रश्न : आमचा पहिला डेन रात्री जेवला, तासाभरात पोट फुगले आणि पहाटेपर्यंत गेला. आम्ही गुरांसारखे गोडेतेल पाजले होते. आता त्याच्याच बहिणीचे पिल्लू आहे. (हिंगणघाट)

तुमच्यावर आलेली वेळ फार वाईट. वर्णनावरून ही जठराला पीळ पडण्याची लक्षणे दिसतात. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत हे होते आणि डेनमध्ये सर्वांत जास्त. जठर वायूने फुगते, स्वतःभोवती फिरते आणि त्याची दोन्ही तोंडे बंद होतात. जठराकडे आणि प्लीहेकडे जाणारे रक्त अडते. पीळ शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाही. गुरांच्या पोटफुगीवरचे गोडेतेल, टर्पेंटाइन किंवा सोडा इथे उपयोगाचा नाही. खाली जायला वाटच नसते, आणि ओकारीच्या उबळीत तेल फुफ्फुसात गेले तर दुसरेच संकट.

ओळख एकच पक्की धरा : ओकारीची उबळ येते पण बाहेर काही येत नाही, फार तर पांढरा फेस. सोबत कुत्रा अस्वस्थ असतो, पोटाकडे वळून पाहतो, लाळ गाळतो. बरगड्यांमागे डावी बाजू ढोलकीसारखी ताणलेली लागते. हे दिसले की सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी गाडी काढा. तुमच्याकडून नागपूर दीड-दोन तासांवर आहे. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, पश्चिम विदर्भाला अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था जवळ पडते. रात्री शस्त्रक्रिया कुठे होते, हे संकटाआधी फोन करून विचारून ठेवा. निघतानाही फोन करा. पशुसंवर्धनाचा १९६२ हा क्रमांकही लिहून ठेवा. गावातले पशुवैद्यक जवळ असतील तर ते सुई टोचून वायू काढून वाटेपुरता वेळ मिळवून देऊ शकतात. तुम्ही स्वतः सुई हातात घेऊ नका.

रक्ताच्या नात्यातला कुत्रा यात गेला असेल तर धोका वाढतो, म्हणून तुम्ही एक गोष्ट कराच : नसबंदीच्या वेळी जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्के करण्याची शस्त्रक्रिया. फुगणे त्याने थांबेलच असे नाही, पण पीळ पडण्याचा धोका फार कमी होतो. एवढ्या मोठ्या जातीत नसबंदी वाढ पूर्ण झाल्यावर, दीड ते दोन वर्षांच्या वयात करावी.

बाकी रोजचे. जेवण दोनदा विभागून द्या. जेवणाआधी आणि नंतर तासभर पळापळ नको. भराभर गिळत असेल तर परातीत पसरून वाढा, किंवा मध्ये तोंडात न मावणारा धुतलेला मोठा दगड ठेवा. भांडे स्टुलावर ठेवायची चाल आहे, ती सोडा. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्याने धोका वाढलेला आढळला.

प्रश्न : गोचीड जात नाहीत. कपाशीवरचे औषध पातळ करून लावू का? (राळेगाव)

नाही. कपाशीवरची प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस ही औषधे कातडीतून अंगात जातात आणि कुत्रा अंग चाटतोच. यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेत माणसे गमावली आहेत. फवारणीच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस कुत्र्याला त्या वावरात नेऊ नका. औषध कालवलेला ड्रम त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. अंगावर पडलेच तर हातमोजे घालून साबणाने दोनदा धुवा. लाळ, थरथर, बारीक झालेली बाहुली दिसली तर थेट डॉक्टर.

गोचिडांसाठी तोंडाने द्यायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर आणि काही १२ आठवडे काम करतात. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा कापसाच्या वजनकाट्यावर कुत्रा मोजून आणा. अंदाज डेनच्या बाबतीत फार चुकतो. मिरगीचे झटके येणाऱ्या कुत्र्याबाबत डॉक्टरांना आधी सांगा. पण अर्धी लढाई भिंतीत आहे. कुत्र्याची गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भेगेत हजारो अंडी घालते. कोठ्याच्या आणि शेडच्या भेगा सिमेंटने बुजवा, अंथरूण दर आठवड्याला उन्हात टाका, जुने कुटार जाळा.

ताप, न खाणे, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त किंवा कॉफीसारखी लघवी असेल तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी. एर्लिकिया या गोचिडांमुळे होणाऱ्या रक्ताच्या आजारावर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स २८ दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी कुत्रा खेळू लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात, आजार तिथेच लपून राहतो. बबेसिया या गोचिडांच्याच दुसऱ्या आजाराची औषधे वेगळी आहेत, म्हणून तपासणीआधी गोळी नको.

प्रश्न : बिबट्या येतो. डेन त्याला हुसकेल का? (सिंदेवाही)

नाही. बिबट्यासाठी कुत्रा हे भक्ष्य आहे आणि बांधलेला कुत्रा तर आमिष. रात्री त्याला वरूनही बंद असलेल्या पिंजऱ्यात ठेवा : निदान ८ बाय १० फूट, उंची ६ फूट, जाड वेल्डमेशची जाळी, खाली फूटभर काँक्रीटचा पाया. आजूबाजूची झुडपे काढा, उरलेले अन्न बाहेर टाकू नका. कुंपणात थेट वीज सोडू नका, त्यात माणसेही मरतात.

लसीही चुकवू नका. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग पसरला होता. तुमच्या जंगलातल्या वाघ-बिबट्यांनाही हा रोग कुत्र्यांकडून जाऊ शकतो. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की दर तीन-चार आठवड्यांनी डोस, १६ आठवड्यांचे होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर, मग दरवर्षी.

प्रश्न : कापूस वेचायला येणाऱ्या बायांवर कुत्रा धावतो. एकीची कापूस ठेवायची ओटी फाडली. मारूनही ऐकत नाही. (वणी)

मारणे बंद करा. गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि न सांगता चावतो. तोंडाला दुपट्टा बांधलेली, पोटाशी ओटी असलेली माणसे त्याने लहानपणी पाहिली नसावीत, म्हणून त्याला ती अनोळखी वाटतात.

वेचणीच्या दिवसांत सकाळी बाया यायच्या आधी त्याला सहा फूट उंच फाटकाच्या आत बंद करा. मग शिकवणी. त्या दिसतील पण तो भुंकणार नाही एवढ्या अंतरावर, पट्टा धरून, त्या दिसताक्षणी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्या. भुंकला म्हणजे तुम्ही फार जवळ आलात, मागे सरा. दोन-तीन आठवड्यांत अंतर हळूहळू कमी करा. तोवर जाळीचे मुसके वापरा, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील. कापडी पट्टी बांधू नका.

चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. खर्च तुमचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार निष्काळजीपणे प्राणी सोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : कोपरावर लिंबाएवढा मऊ फुगा आला. फोडावा का? (आर्वी)

फोडू नका, जंतू शिरतील. कडक सिमेंटवर बसून आत पाणी साठते. पोत्यात कुटार भरून चार-पाच बोटे जाड गादी करा, ती चेपली की पुन्हा भरा. दुखत नसेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत उतरते. गरम किंवा लाल झाला तर डॉक्टरांना दाखवा.