'काहीही चालेल' म्हणणाऱ्या मुलाचा ग्रुप कसा ठरवायचा?

परांडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा मराठी माध्यमातून दहावी झाला, 84.80 टक्के मिळाले. वडिलांचं गावात किराणा दुकान आहे. मुलानं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा तीन वर्षांपूर्वीची, आजोबांना मध्यरात्री जीपमधून बार्शीला न्यावं लागलं त्या रात्रीपासूनची. पुण्यातला मामा म्हणतो, सरळ डिप्लोमाला टाका. कनिष्ठ महाविद्यालयात चौकशी केली तर खिडकीवर सांगितलं, "पीसीएमबी घ्या, दोन्ही दारं उघडी राहतात." म्हणजे भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय, डॉक्टर आणि इंजिनिअर दोन्हींसाठी. आणि मुलगा? आई लिहितात, "त्याला कितीदा विचारलं तरी एकच उत्तर, काहीही चालेल. मला त्याचाच जास्त राग येतो." सोबत गुणपत्रिकेचे आणि सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे फोटो आहेत.

नमस्कार ताई,

उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवलेत हे फार चांगलं केलंत. बहुतेक पालक फक्त टक्के कळवतात आणि टक्क्यांवरून मला फारसं काही सांगता येत नाही. तुमच्या मुलाच्या वह्यापेपरांत मात्र बरंच काही लिहिलेलं आहे. 'काहीही चालेल' म्हणणारा मुलगा तिथं चांगला बोलतोय.

आधी गुणपत्रिका बघू. मराठी 83, हिंदी 79, इंग्रजी 74, गणित 88, विज्ञान 85, सामाजिक शास्त्रे 89. आपलं मंडळ सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरून टक्के काढतं. म्हणजे 84.80 या आकड्यात इंग्रजीचे 74 धरलेलेच नाहीत. घरात, शेजारी, नातेवाइकांत 84.80 हाच आकडा फिरला असणार, आणि सर्वांत कच्चा विषय त्यातून आपोआप गळला. पण अकरावीला गेलं की इंग्रजी सक्तीचं आहे, आणि विज्ञान शाखेत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र सगळंच इंग्रजीतून. तुमच्या पत्रात डॉक्टर की इंजिनिअर यावर दोन पानं आहेत, इंग्रजीचा उल्लेख कुठंच नाही. मला काळजी वाटते ती याची. त्याकडे मी पुढे येतो.

आता सराव परीक्षेचे पेपर. विज्ञान भाग 1 मध्ये 40 पैकी 34 आणि भाग 2 मध्ये 25. दहावीच्या विज्ञानाची विभागणी लक्षात घ्या. गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, भिंगे, रासायनिक अभिक्रिया हे भाग 1 मध्ये, म्हणजे मुख्यतः भौतिक आणि रसायन. आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र हे भाग 2 मध्ये, म्हणजे बहुतांशी जीवशास्त्र. गुणपत्रिकेवर दोन्हींची बेरीज येते, म्हणून घरच्यांना वाटतं की मुलगा 'विज्ञानात चांगला' आहे. कुठल्या विज्ञानात, हे पेपर उघडल्याशिवाय दिसत नाही.

भिंगाचं उदाहरण त्यानं कसं सोडवलंय ते पाहा. वस्तूचं अंतर आधी धन लिहिलंय, मग खोडलंय. समासात बोटभर आकृती काढून बाणाची दिशा दाखवली आहे आणि मग चिन्ह ऋण केलंय. शिक्षकांनी नुसती बरोबरची खूण केली असेल, पण मी त्या समासातल्या आकृतीकडे बराच वेळ पाहत बसलो. तिला गुण नव्हते, ती कुणी काढायला सांगितली नव्हती. स्वतःचं स्वतः तपासून पाहण्यासाठी त्यानं ती काढली. भूमितीच्या पेपरातही तेच. स्पर्शिकेच्या उदाहरणात तो वर्गात शिकवलेल्या रीतीनं गेलेला दिसत नाही, कारण शिक्षकांनी आधी प्रश्नचिन्ह काढलंय आणि नंतर ते खोडून पूर्ण गुण दिले आहेत. भाग 2 मध्ये मात्र समसूत्री विभाजनाच्या अवस्थांची नावं बरोबर लिहिली, चारपैकी एकच आकृती काढली आणि पुढच्या प्रश्नाला गेला. प्राण्याचा संघ ओळखायचा प्रश्न कोरा. ज्या मुलाला समासात आकृती काढायचा कंटाळा नाही, तो इथं आकृती टाळतोय.

एका सराव परीक्षेवरून आयुष्य ठरवू नये, हे मी स्वतःच पालकांना सांगत असतो. म्हणून याला खूण समजा, निकाल नको. खात्री कशी करायची तेही सांगतो.

त्याआधी पीसीएमबीचं पाहू, कारण तो सल्ला तुम्हाला मनापासून पटलेला दिसतो. दोन्ही दारं उघडी राहणार हे ऐकायला धीराचं वाटतं. पण हिशेब मांडून पाहा. इंजिनिअरिंगची एमएचटी-सीईटी 200 गुणांची असते आणि त्यातले 100 गुण एकट्या गणिताचे. मेडिकलची नीट 720 गुणांची, त्यातले 360 जीवशास्त्राचे. म्हणजे प्रत्येक परीक्षेचा निम्मा भाग असा विषय आहे, जो दुसऱ्या परीक्षेत औषधालाही नाही. त्यात नीटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत, त्यामुळे पेपर सोडवायची सवयसुद्धा वेगळी लागते. चार विषयांची प्रात्यक्षिकं, चार जर्नल्स, चार शिकवण्या. सोळा वर्षांचं पोर दोन्ही दारांत एकेक पाय ठेवून दोन वर्षं उभं राहतं. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही मनापासून आवडणारी मुलं असतात, त्यांनी जरूर पीसीएमबी घ्यावं. पण माझ्याकडे येणाऱ्यांत अशी मुलं मोजकी. बाकीची निर्णय दोन वर्षं पुढे ढकलायला पीसीएमबी घेतात, आणि त्याचं ओझं निर्णय टाळणाऱ्या मोठ्यांवर नाही, मुलावर पडतं.

शिवाय एक विषय सोडला की सगळंच बंद होतं ही भीतीही पूर्ण खरी नाही. बी. फार्मसीला भौतिक, रसायनासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालतं. कृषी पदवीलाही सीईटीचा गणिताचा किंवा जीवशास्त्राचा, कुठलाही एक ग्रुप चालतो. आणि राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं नोव्हेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलंय की बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येईल. वाट लांबची आहे, सोपी नाही, पण आहे. एखाद्याला दोन वर्षांनी खरोखरच डॉक्टर व्हावंसं वाटलं तर आज पीसीएम, म्हणजे जीवशास्त्र सोडून गणित, घेतल्यामुळे त्याचा जन्म वाया जात नाही.

मामांचा डिप्लोमाचा सल्ला तुम्ही एका ओळीत उडवून लावलात, तसं करू नका. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, हा चांगला मळलेला रस्ता आहे. हातानं करून बघणाऱ्या मुलांना तो अकरावी-बारावीपेक्षा जास्त मानवतो. दुकानातला वजनकाटा बिघडला तर हा मुलगा उघडून बसतो का? बसत असेल तर जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात त्याला एक दिवस नेऊन वर्कशॉप दाखवा आणि मग बोला.

आता खात्री कशी करायची. 'तुला काय व्हायचंय?' हा प्रश्न काही दिवस घरात बंद ठेवा. परांड्यात वाढलेल्या पंधरा वर्षांच्या मुलानं डॉक्टर पाहिलाय, शिक्षक पाहिलाय, बँकेतला माणूस पाहिलाय. न पाहिलेल्या पन्नास कामांतून तो निवड कशी करणार? आणि खरं बोललं तर बाबांचं मन मोडेल, हेही त्याला कळतं. मला तरी त्याचं 'काहीही चालेल' हे बेफिकिरीचं वाटत नाही. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून दिलेलं ते उत्तर आहे. त्याच्यावर रागावू नका, ताई.

त्याऐवजी असं करा. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं मोफत मिळतात. जीवशास्त्राच्या पुस्तकातलं सजीवांच्या वर्गीकरणाचं प्रकरण आणि गणिताच्या पहिल्या भागातलं कोनमापनाचं पहिलंच प्रकरण, एवढी दोन बाजारातून छापून आणा. पहिला आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरं. परीक्षा घ्यायची नाही, गुण द्यायचे नाहीत. तुम्ही फक्त बघायचं की कुठल्या आठवड्यात तो जेवायला दोन हाका मारल्यावर उठतो आणि कुठल्या आठवड्यात पहिल्या हाकेला. जमलं तर भौतिकशास्त्राचं दुसरं प्रकरणही आणा. त्यात सदिश आहेत, कलनाची तोंडओळख आहे. 'गणित नको म्हणून पीसीबी', म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र, घेणाऱ्या मुलांना हे प्रकरण अकरावीच्या सुरुवातीलाच गाठतं, कारण भौतिकशास्त्र पीसीबीलाही तेच असतं.

आणि इंग्रजी. मी स्वतः मराठी माध्यमाचा. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात सर फळ्यावर 'टँजंट' 'टँजंट' म्हणत होते आणि मी घाबरून बसलो होतो की हे आपल्याला शिकवलंच नाही. चार दिवसांनी वर्तुळाची आकृती पाहून कळलं की ती आपली स्पर्शिका. दहावीला त्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते. विचारायला हात वर करायची लाज वाटली, आणि त्या लाजेत माझी पहिली चाचणी गेली. तुमच्या मुलाचं असं होऊ नये. उपाय साधा आहे. त्याच्याकडे मराठी माध्यमाचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आहेच. त्याच पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती उतरवून घ्या. दोन्हींत मजकूर तोच, आकृत्या त्याच. दोन्ही शेजारी ठेवून रोज दोन पानं वाचायची आणि वहीत दोन रकाने करायचे, अपवर्तनांक म्हणजे रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस, समरूपता म्हणजे सिमिलॅरिटी. आशय त्याला येतो, फक्त नावं नवी आहेत. कॉलेज सुरू होईपर्यंत हे रोज केलं तर पहिल्या सहामाहीचा अर्धा धसका निघून जाईल. दहा हजारांच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासपेक्षा मला ही वही जास्त मोलाची वाटते.

प्रवेशाचं थोडं. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. अर्जात तुम्ही शाखा आणि महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरता. जीवशास्त्र घ्यायचं, भूगोल घ्यायचा की आणखी काही, हे प्रत्यक्ष प्रवेश घेताना महाविद्यालयात ठरतं. म्हणून खिडकीवर गेल्यावर 'सगळे काय घेतात?' असं विचारू नका, ठरवून जा. पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं, तेव्हा पहिला क्रमांक विचारपूर्वक टाका. जीवशास्त्र सोडलं तर त्या जागी काय, याची चौकशी आधीच करा. काही ठिकाणी भूगोल असतो, काही ठिकाणी द्विलक्षीचा, म्हणजे बायफोकल व्यावसायिक अभ्यासक्रमातला, संगणकशास्त्र हा 200 गुणांचा विषय. द्विलक्षी घेतलं की दुसरी भाषाही जाते, म्हणजे मराठी सुटते. संगणक आवडत असेल तर खुशाल घ्यावं. पण 'अकरावीला संगणक नसेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळत नाही' असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते चूक आहे. तसा कुठलाही नियम नाही.

तुमच्या मिस्टरांसाठी दोन शब्द. दादा, त्या रात्रीची जीप तुम्ही विसरू शकत नाही, हे मला समजतं. घरात एक डॉक्टर असावा असं कुणालाही वाटेल. पण 2024 मध्ये 23 लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. ज्याला जीवशास्त्राची खरी ओढ आहे त्यालासुद्धा तिथं घाम फुटतो. ओढ नसलेल्या मुलाला लातूरला ठेवायचं, शिकवणीची फी आणि खोलीभाड्यासाठी दुकानावर कर्ज काढायचं, आणि दोन वर्षांनी त्यानं तुमच्यासमोर मान खाली घालून उभं राहायचं, हे तुम्हालाही बघवणार नाही. तुम्ही एकच करा. त्याला शेजारी बसवून भिंगाचं ते उदाहरण समजावून सांगायला सांगा. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. तो सांगत असताना त्याच्याकडे बघा.

माझं मत विचाराल तर आज हाताशी असलेल्या कागदांवरून मी पीसीएमकडे झुकतो, आणि वर्कशॉप पाहून त्याचे डोळे चमकले तर डिप्लोमाकडे. दोन आठवड्यांच्या वाचनानंतर चित्र उलटं निघालं, जीवशास्त्राचं प्रकरण त्यानं दोनदा वाचलं, तर मी माझं मत आनंदानं बदलेन.

आणि हे तुझ्यासाठी, बाळा. आईनं तुझे पेपर मला न विचारता दाखवले असतील तर तिच्यावर चिडू नकोस. तुझी समासातली आकृती मला फार आवडली. स्पर्शिकेचं उदाहरण तू ज्या रीतीनं सोडवलंस ती तुला कशी सुचली, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. कोनमापनाचं प्रकरण वाचून झालं की त्यातलं जे उदाहरण अडलं असेल त्याचा फोटो आईच्या मोबाइलवरून मला पाठव. सुटलेलं नको, अडलेलंच पाठव.