कट्टा : तिघांचा डाव, विहिरीतली पोरं आणि चौदा जणांचा हुरडा

या वेळी सांगली जिल्ह्यातून आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. विषय वेगवेगळे आहेत, पण ‘पूर्वी’ हा शब्द बहुतेक पत्रांत पहिल्या दोन ओळींतच आला. पूर्वी चौघं होतो, पूर्वी नदीवर जायचो. आम्ही पूर्वीच्या भानगडीत पडत नाही. आज जेवढी माणसं जमतात आणि जेवढा वेळ मिळतो, त्यात काय बसेल एवढंच बघू.

प्रश्न : दहावीपासून आम्ही चौघं रविवारी मेंढीकोट खेळतो. आता चाळिशी आली. एकाची नागपूरला बदली झाली आणि तिघंच उरलो. चौथा हात उघडा मांडून खेळून पाहिलं, मजा आली नाही. तिघांचा, पण डोकं लागेल असा डाव सांगा.
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : उघड्या हाताने मेंढीकोट बसत नाही, कारण त्याची सगळी गंमत भिडूची मेंढी, म्हणजे दश्शी, वाचवण्यात आहे, आणि मांडून ठेवलेली पानं काही भिडू होत नाहीत. तुम्ही तीन-दोन-पाच बसवा.

कॅटमधून एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची पानं काढा, ती २८ होतात. त्यात बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती घातली की ३० झाली, म्हणजे प्रत्येकी १०. पिसणाऱ्याने २ हात करायचे, ज्याला पहिलं पान मिळतं त्याने ५ आणि उरलेल्याने ३. आधी पाच-पाच पानं वाटायची. तेवढ्यावर पाचवाल्याने हुकूम बोलायचा, मग उरलेली पाच-पाच वाटायची. पहिली उतारी पाचवाल्याची. रंग असेल तर रंग टाकायचाच, नसेल तर हुकमाने कापता येतं. पुढच्या डावाला पिसणारा बदलतो, त्यामुळे तीन डावांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच, तीन आणि दोन एकेकदा येतात.

खरी मजा दुसऱ्या डावापासून. आधीच्या डावात ज्याचे हात जास्त झाले, तो कमी पडलेल्याकडून तेवढी पानं न बघता ओढतो आणि बदल्यात आपली नकोशी पानं देतो. हे वाटून झाल्यावर, पहिल्या उतारीआधी. ओढलेल्या पानाच्याच रंगाचं पान परत द्यायचं की कुठलंही चालेल, यावर घराघरात वेगळा नियम आहे आणि भांडणं तिथेच होतात. बसण्याआधी ठरवून घ्या.

नवखे हुकूम बोलताना चुकतात. हातात एखाद्या रंगाचे एक्का-राजा दिसले की तोच बोलतात. त्यापेक्षा तीन पानांचा रंग धरा. त्यातही किलवर किंवा चौकट बरी, कारण या दोन रंगांत सातच पानं आहेत. तीन तुमच्याकडे असली तर बाहेर चारच उरतात. बदाम-इस्पिकात आठ असल्याने बाहेर पाच राहतात आणि शेवटच्या हाताला कोणीतरी सत्तीनेही कापून जातो.

नागपूरकर सुट्टीला आला आणि सहा जण जमले, तर मेंढीकोटच खेळा. चारही दुर्र्या बाजूला ठेवा, ४८ पानांत आठ-आठ येतात, एकाआड एक बसून तीन-तीन भिडू. मात्र इथे दोन-दोन मेंढ्या आणि चार-चार हात अशी बरोबरी होऊ शकते. चौघांच्या डावात हातच तेरा, म्हणून ती होत नाही. बरोबरी झाली तर पुन्हा वाटायचं, हेही आधीच बोलून ठेवा. पाच जण असतील तर बदाम सात. पैसे लावू नका. हरणाऱ्याकडे चहा एवढं पुरे.

प्रश्न : मंडळाच्या खोलीतला बारा वर्षांचा कॅरम पावसाळ्यानंतर जड झालाय. कितीही पावडर टाका, सोंगटी अर्ध्यात थांबते. नवी पोरं म्हणतात फेकून द्या. वाचेल का?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : ‘कितीही पावडर’ हाच रोग असण्याची शक्यता जास्त. दमट हवेत पावडर गोळा होऊन प्लायला चिकटते. त्यात वडापावचे हात लागले की खळच तयार होते. पावडर टाकणं थांबवा. कोरड्या सुती फडक्याने बोर्ड चौकटीच्या कडेकडेपर्यंत पुसा, कोपरे मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं लावू नका. सोंगट्या आणि स्ट्रायकरच्या कडाही पुसा, अर्धा मळ तिथेच असतो. मग चिमूटभर बोरिक पावडर, बस्स. ती पोटात जायची वस्तू नाही, तेव्हा भडंगाला हात घालण्याआधी हात धुवा.

तरीही जड असेल तर प्लाय बघा. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरा ताणून धरा. दोऱ्याखाली मध्ये रुपयाचं नाणं सरकत असेल तर बोर्ड खोलगट झालाय. मधलाच भाग दोऱ्याला उचलत असेल तर फुगलाय. फुगलेला भाग वर ठेवून, चारी कडांना खाली आधार देऊन, सावलीत सात-आठ दिवस वजन ठेवा. थोडासा बाक निघतो, पूर्ण निघत नाही. प्लायचे पापुद्रे सुटले असतील किंवा बोर्ड पुराच्या पाण्यात भिजला असेल, तर पोरांचं ऐका.

नवा घेताना खेळायची जागा ७४ सेंटीमीटर चौरस आणि प्लाय निदान ८ मिलिमीटर जाड हवा. स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या आतला. पातळ प्लायवर जड स्ट्रायकर मारून कितीतरी बोर्ड वेळेआधी जातात. आणि ओल्या भिंतीला तिरका टेकून ठेवू नका, आडवा ठेवा.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलो. मे महिन्यात तिघांची मिळून पाच पोरं गावी येणार आहेत, वयं ७ ते ११. त्यांना नदीतच शिकवावं असं फार मनात आहे. बायका नको म्हणतात.
— एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : बायका बरोबर आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ते सांगली या पट्ट्यात नदीत मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर खड्डा करून अंडी घालते, मे-जूनच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात आणि मादी जागा राखून असते. म्हणजे शाळेच्या सुट्टीचा आणि तिच्या राखणीचा काळ एकच. शिवाय वाळू उपसल्याने तळाला कुठे खड्डे पडलेत, हे तुमच्या वेळच्या अंदाजाने कळणार नाही. वरून पाणी सोडलं की धार बदलते, ते वेगळंच.

पोहण्याचा तलाव जवळ असेल तर उत्तम. नाहीतर पायऱ्यांची विहीर.

पाण्यात उतरण्याआधी मोटार बंद करा. नुसता स्टार्टर नाही, मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवा. विहिरीत बुडून जेवढी भीती, तेवढीच पाण्यातल्या सोललेल्या वायरीची. तळाला दगड किंवा जुने पाइप नाहीत हे मोठ्याने आधी उतरून बघावं. एका वेळी दोनच पोरं पाण्यात, प्रत्येकाजवळ एक मोठा माणूस पाण्यातच. तिसऱ्याने पायरीवर दोर आणि हवाबंद कॅन घेऊन नुसतं बघत बसायचं, मोबाइल खिशातच ठेवून.

पहिले दोन दिवस पायरीवर बसून तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे. हे टाळलं की पोर पुढे श्वास कोंडून धरतं आणि चार हातांत दमतं. मग पायरी धरून पाय मारायचे, गुडघा न दुमडता, मांडीपासून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठीला कॅन. पूर्वी सुके भोपळे बांधत, आता पाच लिटरचा घट्ट झाकणाचा कॅन चालतो. तो दोन खांद्यांच्या मध्ये बांधा. कमरेला बांधला की ढुंगण वर आणि डोकं खाली जातं. दोर काखेखालून घ्या, गाठ सरकती नको. दोन दिवस नीट गेले की पाच लिटरच्या जागी दोन लिटरचा कॅन, मग नुसता दोर. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरे, विहिरीचं पाणी मे महिन्यातही गार असतं. ओठ निळे पडले की बाहेर. आठ-दहा दिवसांत बरीच पोरं तरंगायला लागतात. न सांगता ढकलून दिलेलं पोर मात्र त्या सुट्टीत शिकत नाही.

आता तुम्हा तिघांविषयी. हातपाय पोहणं विसरत नाहीत, पण दम गेलेला असतो. काठावरून सूर मारायची हौस येईल, ती पहिल्या दिवशी आवरा. पायऱ्यांनी उतरून एका काठावरून दुसऱ्या काठावर दोन फेऱ्या मारा आणि किती धाप लागते बघा. प्यायलेल्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही, पायरीवरही बसायचं नाही.

कोणी बुडू लागलं तर आधी दोर किंवा कॅन फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी घशात येतं. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा.

प्रश्न : मैत्रिणी जमल्या की भडंग माझ्याकडे असतं. पण दुसऱ्या दिवशी वातड होतं.
— एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : ओल राहते ती चुरमुऱ्यात, लसणात किंवा कढीपत्त्यात. अर्धा किलो चुरमुरे दोन तास कडक उन्हात ठेवा किंवा मंद आचेवर परता. चिमटीत चुरून पीठ झालं पाहिजे. एक मोठी वाटी तेलात पाव किलो शेंगदाणे तळून काढा. त्याच तेलात सालासकट ठेचलेल्या २५-३० लसूणपाकळ्या तांबूस आणि कुरकुरीत होऊ द्या, पिवळ्या असताना थांबू नका. कढीपत्ता धुतला असेल तर पुसून घाला. गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग हळद आणि तीन चमचे तिखट. गरम तेलात घातलं तर तिखट काळं पडतं आणि भडंग कडवट लागतं. ही फोडणी आणि शेंगदाणे चुरमुऱ्यावर घाला, धणे-जिरेपूड, मीठ आणि तीन चमचे पिठीसाखर वरून भुरभुरून दोन्ही हातांनी कालवा, तळाशी बसू देऊ नका. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नका. कांदा-लिंबू फक्त ताटलीत.

प्रश्न : दर जानेवारीत जतच्या मित्राच्या शेतावर आम्ही सहा जण हुरड्याला जायचो. आता बायकापोरं धरून चौदा होतात. गेल्या वर्षी निम्मा हुरडा टणक निघाला आणि पोरांनी बिस्किटं खाल्ली. काय चुकलं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तारीख चुकली. तुम्ही सगळ्यांच्या रजा बघून दिवस ठरवला असणार. हुरड्याचा दिवस पेरणीवरून ठरतो. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की साधारण तीन महिन्यांनी दाणा हुरड्यावर येतो आणि जेमतेम आठवडाभर तसा राहतो. मित्राला दाणा नखाने दाबायला सांगा. पांढरं दूध उडालं तर आठवडा थांबा. नख मऊ कणकेत रुतल्यासारखं रुतलं तर या रविवारी निघा. नख टेकलं आणि रुतलं नाही, तर आता भाकरीच.

दुसरं, वाण. मालदांडीचा हुरडा होतो, पण तिचा दाणा बोंडातून सहज सुटत नाही. पोरांचे हात भाजतात आणि ती उठून जातात. गूळभेंडी, किंवा राहुरी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण गोड, चोळताच सुटणारे. मित्राला बांधाकडेच्या चार ओळी यातल्या पेरायला सांगा. एक ओळ दहा दिवस उशिरा पेरली तर रजांचा घोळही थोडा निस्तरतो.

मोठ्या माणसाला दीडशे-दोनशे ग्रॅम धरा, पोरांना निम्मं. चौदा जणांना दोन ते अडीच किलो. चांगल्या कणसातून पन्नासेक ग्रॅम धरले तर ५० कणसं होतात, जळकी-कच्ची धरून ६० काढा. कणीस दांड्यासकट वीतभर कापा, धरायला मूठ राहते. ज्वारीचं ताट उभंच राहू द्या, तो मालकाचा कडबा आहे. कणसांचे पैसे द्या, मित्र असला तरी.

आगट्या दोन करा. एका आगटीत आठ-दहाच कणसं नीट भाजतात. हातभर लांबीचा, वीतभर खोल खड्डा, प्रत्येकी पंचवीसेक गोवऱ्या. पेटवल्यावर अर्धा तास थांबायला हवं आणि नेमका तिथेच धीर सुटतो. जाळावर कणीस धरलं की बोंड जळतं आणि दाणा कच्चा राहतो. जाळ बसून निखाऱ्यावर राख धरली की कणसं तिरकी खुपसा, तीन-चार मिनिटं फिरवत राहा. काढल्याबरोबर पोत्यावर चोळा, सुपात पाखडा आणि लगेच वाढा, गार हुरडा चिवट होतो. पोरांसाठी कणीस जाड कापडी पिशवीत घालून वरून काठीने हलकं झोडपा. ते काम त्यांनाच द्या, बिस्किटांची आठवण होणार नाही.

बरोबर शेंगदाण्याची आणि लसूण-खोबऱ्याची चटणी, गूळ, दही, ताक. वर पुन्हा जेवणाचा घाट घालू नका, हुरडा पोटात जड होतो. आगटी कडब्याच्या गंजीपासून लांब, वारा जिकडे जातो त्या बाजूला गंजी नसावी. पाण्याच्या दोन बादल्या भरून शेजारी.

आणि पोरांना एक ताकीद. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्याला फुटलेले हिरवे कोंब शेळी-वासराला कौतुकाने चारायचे नाहीत. त्यात विष असतं, जनावर तासाभरात आडवं होऊ शकतं. चारायचंच असेल तर मालकाच्या हाताखालचा वाळला कडबा आहे. निघताना राख पाण्याने भिजवा, उलथून पुन्हा भिजवा आणि हात लावून गार झाली का बघा.