निवडुंगाला काळी माती नको

भाऊ, तुझ्या मॅमिलेरियाची, म्हणजे त्या छोट्या गोल निवडुंगाची, खरी वैरीण ऊन नाही, आपली काळी माती आहे. पऱ्हाटीला (कपाशीला) ती सोनं, पण पाणी धरून बसते आणि निवडुंगाची मुळं सडतात. माझे पहिले दोन असेच गेले. वरून हिरवेगार, बोट लावलं तर बुडाशी लगदा. दोन भाग चाळलेली जाड रेती, एक भाग मुरूम, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घे. कुंडी मातीची, तळाला भोक हवंच.

पावसाळ्यात कुंडी छपरीत, उजेडाच्या कडेला. माती पार कोरडी झाल्यावरच पाणी; काडी खुपसून बघ, ओल चिकटली तर थांब. झाड मेक्सिकोचं असलं तरी नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत), 45 अंशांच्या दुपारी, कुंडीत करपतं. हिरवी जाळी बांध.

फुलं हवीत ना? मग डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळपास बंद, ऊन मात्र भरपूर. झाड थोडं आक्रसतं, घाबरू नको. आमच्या आईला एकदा दया आली, रोज तांब्याभर ओतत राहिली. त्या वर्षी एक फूल नाही. डोक्याभोवती बारीक गुलाबी कळ्यांचं कडं दिसलं की पाणी हळूहळू सुरू कर.