कांगड्याचा बर्फ आणि तासगावची द्राक्षं

हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्याचा भूगोल आणि हवामान यांवर गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर सातारा-सांगलीकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतो.

धरमशाला आणि महाबळेश्वर जवळपास एकाच उंचीवर. मग पाऊस आपल्याकडे जास्त आणि थंडी तिकडे जास्त, असं का? (वाई)

उंची खरंच जुळते, दोन्ही ठिकाणं १४०० मीटरच्या आसपास आहेत. पाऊस पडायची रीतही एकच. बाष्प डोंगराला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि कोसळतं. फरक आहे तो बाष्पाच्या वाटेत. महाबळेश्वरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत १०० किलोमीटरही नाही, त्यामुळे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कांगड्याच्या वाट्याचं बरंचसं बाष्प बंगालच्या उपसागरातून निघून, हिमालयाच्या कडेकडेनं पश्चिमेला येतं. वाटेत बिहार, उत्तर प्रदेश भिजवून झाल्यावर उरेल ते कांगड्याचं. पावसाळा तिथं पोचायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. तरी धरमशालेत सुमारे ३००० मिमी पडतो, कारण धौलाधारची रांग दरीतून एकदम चार-साडेचार हजार मीटरपर्यंत उठते. रांगेपलीकडे लाहौल-स्पितीत माण-खटावचीच गत, उलट त्याहून कोरडी.

थंडीचं कारण अक्षांश. आपण १८ अंशांवर, ते ३२ वर. जानेवारीत तिकडे दिवस लहान आणि सूर्य खाली. धरमशालेत पहाटे पारा ५-६ अंशांपर्यंत येतो.

टीव्हीवर ‘हिमाचलात बर्फवृष्टी’ म्हटलं की आमच्याकडे बागायतदार धास्तावतात. तिथल्या बर्फाचा आमच्या द्राक्षांशी खरंच संबंध आहे का? (तासगाव)

आहे, पण बर्फाशी थेट नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं इराण, अफगाणिस्तानावरून एकामागून एक पश्चिमी झंझावात येतात. ते हिमालयाला धडकले की कांगड्याच्या दरीत पाऊस आणि धौलाधारवर बर्फ. तिथल्या गव्हाला हा पाऊस म्हणजे वरदानच. डिसेंबर-जानेवारी कोरडे गेले की तिकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावतो. तुम्ही त्याच दिवसांत आभाळ निरभ्र राहू दे म्हणून नवस बोलत असता.

झंझावात पूर्वेला सरकला की त्याच्या मागून कोरडे, थंड उत्तरेचे वारे सुटतात. ते राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडत खाली येतात. नाशिक-निफाड आधी गारठतं, मग एक-दोन दिवसांत कमी जोरानं सांगली. मण्यात पाणी उतरत असताना रात्र अचानक थंड पडली तर मणी तडकतात. दिवसाचं ऊन आणि पहाटेचा गारठा यांतलं अंतर वाढलं तर पिंक बेरीचा, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडण्याचा, त्रास होतो. पहाटे ठिबकनं पाणी देणं, बागेत शेकोट्या करणं हे उपाय तुम्हाला ठाऊक आहेतच.

पण प्रत्येक दगा हिमालयाच्या नावावर टाकू नका. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की तिकडचे दमट वारे उत्तरेच्या थंडीला वाटेतच अडवतात. मग पारा चढतो, ढग येतात, आणि डावणी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी सुरू. तुमच्याकडच्या अवकाळीला बहुतेकदा हे समुद्री बाष्पच जबाबदार असतं. म्हणून बातमीत बर्फ दिसला तरी आधी वाऱ्याची दिशा पाहा. उत्तरेचा असेल तर गारठा, पूर्वेचा किंवा दक्षिणेचा असेल तर ढग.

मुलगा सैन्यात आहे, योलला बदली झाली. बर्फात राहायचं म्हणजे काय काय पाठवू? (सातारा तालुका)

ताई, योल धरमशालेच्या पायथ्याशी आहे. बर्फ समोरच्या डोंगरावर दिसतो, दारात क्वचितच पडतो. गरम कपडे सैन्य देतंच. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत, हा तिथला खरा त्रास. तो आपल्या पाटण तालुक्यातल्या लोकांनाही चुकलेला नाही. चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू पाठवा.

कांगड्यातही पोंग धरण आहे. तिथले भूकंप कोयनेसारखे धरणामुळेच होतात का? (पाटण)

नाही, आणि तारखांवरूनच ते कळतं. कांगड्याचा मोठा भूकंप ४ एप्रिल १९०५ ला सकाळी झाला. बियास नदीवरचं पोंग धरण झालं १९७४ मध्ये. कोयनेत जलाशय भरू लागल्यावर धक्के वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ चा तडाखा बसला. म्हणून जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांत जगभर कोयनेचं नाव घेतलं जातं. कांगड्याचं कारण फार मोठं आहे. भारताचा भूखंड उत्तरेला आशियाखाली घुसतोय, आणि तो ताण हिमालयाच्या पायथ्याशी साठून कधीतरी सुटतो. १९०५ च्या भूकंपाची तीव्रता ७.८ च्या आसपास मानतात, कोयनेची ६.३. आकड्यांत फरक दीडाचा, पण ऊर्जेत दीडशे पटींहून जास्त. वीस हजारांवर माणसं गेली. कांगड्याचा किल्ला आणि व्रजेश्वरीचं मंदिर कोसळलं. मंदिर पुन्हा बांधलंय.

तिथंही आमच्यासारखे मेंढपाळ आहेत म्हणे? (म्हसवड)

आहेत, गद्दी. पण त्यांचं वर्ष वेगळं फिरतं. तुम्ही पावसाळा माणात काढून दिवाळीनंतर कोकणाकडे उतरता. ते उन्हाळ्यात धौलाधारच्या खिंडी ओलांडून चंबा-लाहौलच्या कुरणांवर चढतात आणि हिवाळ्याला कांगड्यात परततात. त्यांच्या वाटेवरचा इंद्रहार जोत (जोत म्हणजे खिंड) ४३०० मीटरच्या वर आहे. मे महिन्यातही वर बर्फ असतो. मेंढ्या त्यातूनच काढाव्या लागतात.