बारावीत अपेक्षेपेक्षा फार कमी गुण मिळाले, तर पेपर पुन्हा तपासून मिळतो का?

मिळतो, पण थेट नाही. राज्य मंडळाच्या नागपूर विभागात बसलेल्या विद्यार्थ्याने आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि ती हाती आल्यापासून कामाच्या पाच दिवसांत, विषयशिक्षकांचा अभिप्राय घेऊन, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. नुसत्या गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेली उत्तरे एवढेच पाहिले जाते; परीक्षकाने दिलेल्या गुणांचा फेरविचार होत नाही, त्यामुळे निबंधाला कमी गुण पडल्याची तक्रार असेल तर गुणपडताळणीचा उपयोग नाही.

पुनर्मूल्यांकन हा विद्यार्थ्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये याच मंडळाच्या प्रकरणात म्हटले होते. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, हा निकाल मात्र २०११ चा, आणि माझ्या मते खरा बदल त्यानेच घडवला.

चूक प्रश्नपत्रिकेतच असेल तर वैयक्तिक अर्जाची गरज सहसा पडत नाही. २०२३ मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नाच्या जागी परीक्षकांसाठीची सूचना छापली गेली (मुद्रितशोधन कोणी केले, देव जाणे!), तेव्हा मंडळाने सहा गुण देण्याचा निर्णय घेतला, तेही सरसकट नव्हे, अटींसह.