युरोपातील शहरांदरम्यानचा प्रवास : पास, बस की आगाऊ तिकीट?

प्रश्न : आम्ही उभयता (वय 61 आणि 58) येत्या मे महिन्यात प्रथमच युरोपला जात आहोत. सहल कंपनीबरोबर न जाता पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग आणि व्हिएन्ना ही शहरे याच क्रमाने आपली आपण पाहण्याचा बेत आहे. विमान, बस आणि रेल्वेचा पास यांपैकी कमी खर्चाचे काय पडेल?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : शहरे पाच असली तरी त्यांच्यामधले टप्पे चारच आहेत आणि हॉटेलांमुळे तुमच्या तारखाही ठरलेल्या असणार, त्यामुळे पास न काढता प्रत्येक टप्प्याचे रेल्वे तिकीट आगाऊ काढणे तुम्हाला बहुधा स्वस्त पडेल. भारतीय प्रवाशांना मिळणारा युरेल पास, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेगाड्यांना चालणारा एकच पास, मनात येईल तेव्हा गाडीत बसणाऱ्यांच्या सोयीचा आहे. साठीनंतर त्यावर दहा टक्के सवलत मिळते खरी, परंतु पॅरिस-ॲमस्टरडॅम मार्गावरील युरोस्टारसारख्या गाडीत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात.

आपल्याकडे मेल-एक्सप्रेसचे तिकीट दोन महिने आधी काढले काय किंवा आठवडाभर आधी काढले काय, भाडे सहसा तेच राहते. तिकडच्या जलद गाड्यांचे भाडे मात्र विमानासारखे चढत जाते. म्हणून सगळ्यात आधी पॅरिस-ॲमस्टरडॅमचे तिकीट काढावे. युरोस्टारला सुमारे तीन तास वीस मिनिटे लागतात. तिचे स्वस्त भाडे हातचे गेले, तर फ्लिक्सबस या बससेवेचा पर्याय उरतो, पण त्यात जवळजवळ सारा दिवस जातो. रात्रीच्या बसने हॉटेलचे एका रात्रीचे भाडे वाचते, असा हिशेब तरुण मंडळी करतात. तुम्ही तो करू नये, असे मला वाटते.

ॲमस्टरडॅम ते बर्लिन थेट गाडीने साधारण सहा तास लागतात. या टप्प्यावर जर्मन रेल्वेचे ‘सुपर स्पारप्राइस’ नावाचे सवलतीचे तिकीट बघावे. ते रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत आणि ते ठरलेल्या गाडीलाच चालते. मात्र रेल्वेच्याच उशिरामुळे पुढची जोडगाडी चुकली, तर हे बंधन उठते आणि नंतरच्या गाडीने जाता येते. जर्मन वक्तशीरपणाची ख्याती ऐकून आलेल्यांना आश्चर्य वाटेल, पण 2024 साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62 टक्के गाड्या वेळेवर धावल्या. युरोपीय संघाच्या नियमानुसार, काही अपवाद सोडता, तासाभराच्या उशिराला भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तासांच्या उशिराला 50 टक्के भरपाई मागता येते. त्यासाठी तिकीट जपून ठेवावे. आणखी एक गोष्ट अशी की, जर्मनीत तिकीट आणि आसनाचे आरक्षण या दोन वेगळ्या बाबी आहेत. नुसत्या तिकिटावर गाडीत चढता येते, पण गर्दी असेल तर उभे राहावे लागते; तुमच्या वयाला आरक्षणाचे थोडे युरो खर्च करणेच शहाणपणाचे ठरेल.

बर्लिन-प्राग आणि प्राग-व्हिएन्ना हे टप्पे प्रत्येकी साधारण चार तासांचे आणि खिशाला हलके आहेत. बर्लिन-प्राग गाडी ड्रेस्डेननंतर एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते, तेव्हा ती दिवसाचीच घ्यावी. याच गाडीचे तिकीट जर्मन रेल्वेपेक्षा चेक रेल्वेच्या संकेतस्थळावर अनेकदा स्वस्त मिळते, म्हणून दोन्हीकडचे भाडे पाहावे. प्राग-व्हिएन्ना मार्गावर चेक रेल्वेची रेजिओजेट या खासगी कंपनीशी चढाओढ असल्यामुळे भाडी आटोक्यात राहतात.

विमानाचा विचार या चार टप्प्यांपुरता सोडून द्यावा. जाहिरातीतले भाडे बहुधा लहानशा हातपिशवीपुरते असते आणि मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे पडतात. शिवाय पॅरिसच्या नावावर खपणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे 85 किलोमीटर दूर आहे. लिस्बन किंवा अथेन्ससारखे दूरचे शहर तुमच्या यादीत असते, तर माझे उत्तर वेगळे असते.

तिकिटे काढण्यापूर्वी बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावेत. तिकिटावरील नाव पासपोर्टप्रमाणेच असावे आणि पासपोर्ट सामानात न ठेवता अंगावर बाळगावा. हा प्रवास शेंगेन क्षेत्रातला, म्हणजे एरवी सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांमधला असला तरी जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केलेली असल्याने पोलीस गाडीत येऊन तो मागू शकतात.